बेने इस्रायली थडग्यांवरचं साल कसं काढायचं?

अलिबागकडच्या जुन्या बेने इस्रायली (कोकणातला मराठी बोलणारा ज्यू समाज) दफनभूमीतल्या दगडांवर हिब्रू आहे, पण साल लागत नाही, असा प्रश्न आहे. मराठी मजकूर असेल तर आधी तो वाचा. नाव आणि गावावरून पडलेलं आडनाव (पेणकर, रोहेकर, किहीमकर) बहुतेक तिथेच सापडतं.

हिब्रूत साल अक्षरांनी लिहितात, कारण प्रत्येक अक्षराला किंमत असते. उदाहरणार्थ, दगडावर तॉव, रेश, पे ही अक्षरं असतील तर तॉव ४००, रेश २००, पे ८०, म्हणजे ६८०. पूर्ण ज्यू साल ५६८०, पण त्यातले पाच हजार बऱ्याचदा लिहीतच नाहीत. ६८० मध्ये १२४० मिळवले की इसवी सन १९२० येतं. मात्र ज्यू वर्ष सप्टेंबर-ऑक्टोबरात सुरू होतं, म्हणून तारीख तिश्री (ज्यू वर्षाचा पहिला महिना) ते डिसेंबरअखेर यामधली असेल तर १२३९ मिळवा. महिना न बघता साल पक्कं धरू नका.

अक्षरं झिजली असतील तर सकाळी लवकर किंवा ऊन उतरताना जा. तिरप्या उजेडात खोदकाम उठून दिसतं. खडू, ॲसिड, तारेची घासणी यातलं काहीही लावू नका, कृपा करून. दगडाचा पापुद्रा एकदा निघाला की ते नाव कायमचं गेलं.

१९४८ नंतर यातली कितीतरी कुटुंबं इस्रायलला गेली, त्यामुळे सांगणारं माणूस गावात मिळेलच असं नाही. रेवदंडा, पेण, अलिबागच्या सिनेगॉगमध्ये (ज्यूंच्या प्रार्थनास्थळात) जुनी नोंदवही आहे का, विचारून बघा. आणि नवगावलाही जाऊन याच. जहाज फुटून बुडालेल्या पूर्वजांना तिथे पुरलं, अशी परंपरा आहे.

प्रत्येक दगडाचे दोन फोटो घ्या: एक जवळून, एक शेजारच्या थडग्यांसकट. नातेवाईक बऱ्याचदा शेजारीच असतात.