हॅम्लेटने सुरुवात नको

संपूर्ण संहिता ऐकायला मिळते म्हणून शेक्सपिअरची नाटके पडद्यावर पाहण्याची सुरुवात दिग्दर्शक-अभिनेता केनेथ ब्रानाच्या १९९६ च्या ‘हॅम्लेट’पासून करावी, अशी सूचना एकाने केली आहे; ती मला पटत नाही. चित्रपट उत्तमच आहे, पण चार तासांचे ते पद्य नवख्या प्रेक्षकाला झेपणे कठीण असते.

त्याऐवजी ब्रानाचाच ‘मच अडू अबाउट नथिंग’ (१९९३) आधी पाहावा. तो दोन तासांच्या आत संपतो, आणि बागेत लपून इतरांचे बोलणे ऐकणाऱ्या बेनेडिकची (नाटकाच्या नायकाची) घडीच्या खुर्चीशी चाललेली झटापट पाहताना, एखादा शब्द निसटला तरी प्रसंग कळायचा राहत नाही.

त्यानंतर मात्र दिग्दर्शक ट्रेव्हर नन यांचा, १९७९ मध्ये दूरचित्रवाणीवर प्रसारित झालेला ‘मॅकबेथ’ अवश्य पाहावा. नेपथ्य जवळजवळ नाहीच; सभोवार काळोख, आणि इयन मॅकेलन व जुडी डेंच यांचे चेहरे इतके जवळ, की प्रत्येक ओळीमागचा विचार डोळ्यांत उमटताना दिसतो. लेडी मॅकबेथच्या झोपेत चालण्याच्या प्रवेशात डेंच यांचा हुंदका ताणत जाऊन जी किंकाळी होते, ती ऐकल्यावर तो प्रवेश कोणी समजावून सांगावा लागत नाही.

बीबीसीची १९७८ ते १९८५ मधली ३७ नाटकांची मालिका अभ्यासाला उपयोगी आहे, परंतु तिचा दर्जा फार कमीजास्त असल्याने ती सलग पाहू नये. इंग्रजी उपशीर्षके चालू ठेवण्यात संकोच बाळगू नये, आणि कथानक आधीच वाचून घ्यावे. या नाटकांची गंमत शेवट लपवण्यात नाही.