बटणं कमी म्हणजे प्लेअर सोपा? काहीही!

चाकप्रेमी: परवा एकाने ठोकून दिलं की जितकी बटणं कमी तितका म्युझिक प्लेअर सोपा, टचस्क्रीन आली की विषयच संपला. डोकं फिरलं म्हणून लिहितोय. अहो, प्लेअर असतो खिशात, आपण चालत असतो, अंधार असतो, तिथे बघायला डोळे नाहीत, बोटंच बघतात. वॉकमनचं प्ले न बघता सापडायचं आणि दाबलं की खटकन आवाज यायचा. याउलट २००९ चा आयपॉड शफल, म्हणजे ॲपलचा चिमुकला प्लेअर, बटणं काढून सगळं इयरफोनच्या वायरीवर, एकदा दाबा थांबेल, दोनदा दाबा पुढचं, तीनदा दाबा मागचं. साधे इयरफोन लावले तर आवाजसुद्धा कमी करता येईना. पुढच्याच वर्षी बटणं परत आली ना गुमान?

सरळसोट: तो 'एक' म्हणजे मीच. सगळ्यात फसलेलं मॉडेल शोधून आणलंत, वा. २००१ चा पहिला आयपॉड घ्या की, हजार गाणी आणि बोटाने फिरवायचं एक चाक.

चाकप्रेमी: चाकाभोवती चार बटणं होती आणि मधे पाचवं. मोजा. २००३ ला तीच चार उचलून पडद्याखाली रांगेत टच करून बसवली, २००४ ला पुन्हा चाकात गेली.

फोल्डरवाली: मोजत बसा दोघं. प्लेअर सोपा की नाही ते कॉम्प्युटरला जोडल्यावर कळतं. फोल्डर उचलला, टाकला, वाजला, संपलं. मी एकदा माझा प्लेअर दुसऱ्या कॉम्प्युटरला लावला, सिंकच्या, म्हणजे कॉम्प्युटर आणि प्लेअरवरची गाणी सारखी करणाऱ्या, सॉफ्टवेअरने काहीतरी विचारलं, मी घाईत हो म्हटलं आणि सगळं साफ. त्यात बाबांच्या आवाजातलं एक रेकॉर्डिंग होतं, दुसरी कॉपी नव्हती.

टॅगबहाद्दर: वाईट झालं, पण न वाचता हो म्हटलंत त्यात प्लेअरचा काय दोष? आणि फोल्डर म्हणजे निव्वळ आळस. टॅग, म्हणजे फाइलच्या आत असलेले कलाकार, अल्बम वगैरे रकाने, नीट भरा, मग बघा.

फोल्डरवाली: आळस?? कलाकाराच्या रकान्यात कुणी गायक लिहितो, कुणी संगीतकार, कुणी सिनेमाचं नाव. एकच गायिका तीन स्पेलिंगनी तीन ठिकाणी. चार हजार फायली तुम्ही येऊन भरणार का?

टॅगबहाद्दर: मी माझ्या भरल्यात, दोन वर्षं लागली. तुमच्या फोल्डरात १ नंतर १० वाजतं आणि मग २, तेव्हा काय करता?

फोल्डरवाली: ०१, ०२ असं लिहिते.

टॅगबहाद्दर: म्हणजे टॅगच की, फक्त नावात कोंबलेला!

फोल्डरवाली: बरं, तुम्ही जिंकलात, आरती ओवाळू?

सरळसोट: मूळ विषय बटणांचा होता, आठवतंय का कुणाला?

खिसा_फाटका: मला आठवतंय. होल्डबद्दल, म्हणजे चुकून दाबली जाऊ नयेत म्हणून बटणं बंद ठेवायच्या सोयीबद्दल, कुणी बोलतच नाही. माझ्या प्लेअरला ते नव्हतं, गर्दीत खिशातल्या खिशात आवाज फुल झाला, अर्धा दिवस कानात शिट्टी वाजत होती. मला एक बटण जास्त चाललं असतं.

चाकप्रेमी: ऐका, सरळसोट.

सरळसोट: ऐकलं. होल्ड हवं, मान्य. पण ती सरकवायची पट्टी असते, बटण नाही.