ब्राउनी मिक्समध्ये चिक्की घालावी का?

नेरूळकरीण: पाकिटातल्या मिक्समध्ये शेंगदाण्याची चिक्की कुटून घातली. वरून सुरेख फुगली, पण तळाशी गूळ वितळून कागदाला असा चिकटला की सुरीने खरवडावा लागला. शनिवारी लेकीचा वाढदिवस आहे, तिला कुरकुरीतच हवंय. काय करू?

घोडबंदरची ताई: अगं, चिक्की आत नको. शेवटची 5 मिनिटं उरली की वरून भुरभुरव. आत अक्रोड घाल, आधी कोरडे भाजून. कच्चे मऊ पडतात. आणि पाण्याऐवजी गार केलेली कडक कॉफी. चॉकलेट काय खुलतं!

वाशीवाला: केळं घालणार असाल तर पाणी कमी करा, नाहीतर मध्ये गिच्च राहते.

नेरूळकरीण: ताई, आज रात्रीच अर्ध्या पाकिटाची करून बघते.