जुना लॅपटॉप चार्जरवर चालतोय, पण बॅटरी चार्ज होईना. बॅटरी बदलू का?

हिशेबनीस_शाहूपुरी

नमस्कार मंडळी. मी मार्केट यार्डातल्या काही गूळ अडत्यांचे हिशेब बघतो. सगळं टॅली ज्या लॅपटॉपवर आहे तो २०१६ सालचा. कंपनीचं नाव लिहीत नाही, उगाच त्यावरनंच भांडणं लागतात. आय-थ्री, आठ जीबी रॅम, जुनी हार्डडिस्क काढून एसएसडी टाकलीय, त्यामुळं कामाला अजून झ्याक आहे.

आता झालंय असं, की चार्जर लावला की कोपऱ्यात ‘प्लग्ड इन, नॉट चार्जिंग’ येतं आणि आकडा ७ टक्क्यांवर बसून राहतो. चार्जर काढला की जरा वेळात बंद. चालू करताना कधीकधी काळ्या पडद्यावर इंग्रजीत दोन ओळी येतात, अडॅप्टरचा प्रकार ओळखता आला नाही अशा अर्थाच्या. एफ-वन दाबलं की पुढं जातो. आणि टॅली इतकं रेंगाळतंय की एक व्हाउचर सेव्ह होईपर्यंत समोरचा अडत्या दुसऱ्या सौद्याला जाऊन येतो. पिन जरा तिरकी दाबून धरली की मधनंच चार्जिंग सुरू होतं, हात सोडला की गेलं.

एका दुकानात न उघडताच ‘बॅटरी गेली’ म्हणाले. दुसऱ्यानं मदरबोर्डवर काम निघेल, ठेवून जावा म्हणून सांगितलं. २० तारखेच्या आत सगळ्यांचं जीएसटीचं ३बी रिटर्न भरायचंय, मशीन ठेवून यायला जमणार नाही. चार्जर गेल्या वर्षी घेतलेला, दुकानदाराच्या शब्दांत ‘ओरिजिनलसारखाच’. बॅटरी घेऊन टाकू का?

रंकाळा_कट्टा

आधी सेटिंग बघा दादा. माझा ६० टक्क्यांच्या वर जाईना, मी बॅटरी मागवायच्या बेतात होतो. कंपनीच्या ॲपमध्ये बॅटरीचं आयुष्य वाढवायची सेटिंग चालू होती, ती मुद्दाम तिथंच थांबवते. बंद केली, झालं.

डागवाला_उद्यमनगर

वरच्या भाऊंचं ६० किंवा ८० वर अडत असेल तर बरोबर आहे. ७ वर कुठलीही सेटिंग थांबवत नाही.

साहेब, बॅटरी आत्ता घेऊ नका. तुम्ही जे लिहिलंय त्यातल्या दोन गोष्टी बॅटरीच्या नाहीतच: काळ्या पडद्यावरच्या त्या ओळी आणि टॅलीचं रेंगाळणं.

चार्जरची पिन उजेडात धरून आत बघा. मधोमध सुईसारखी बारीक पिन दिसते का? डेल, एचपी अशा कंपन्यांच्या बऱ्याच चार्जरला ती असते. करंट तिच्यातनं येत नाही. पिनेची बाहेरची बाजू उणे, आतली बाजू अधिक, आणि मधली सुई फक्त ओळख पटवायला. मी अमुक वॉटचा चार्जर आहे, हे लॅपटॉपला तिच्यातनंच कळतं. ते कळलं नाही तर लॅपटॉप चालू राहतो, पण बॅटरीला चार्ज देत नाही, आणि अनोळखी चार्जरवर जास्त भार नको म्हणून प्रोसेसरचा वेग पाडतो. म्हणून टॅली रखडतंय.

दुकानात काय करतात, मल्टिमीटर लावतात. १९.५ व्होल्ट दिसले की ‘चार्जर ओके’ म्हणून मोकळे. व्होल्ट बरोबरच असणार की! ओळखीची तार वेगळी असते, दोऱ्यासारखी बारीक, आणि पिनेजवळ केबल मुडपते तिथं सगळ्यात आधी तीच तुटते. तिरकी दाबली की चार्जिंग होतंय म्हणताय, ते बहुतेक याच्यामुळं.

(घरी मीटर असला तरी एक सांभाळा. मधल्या सुईला आणि आतल्या कड्याला प्रोब एकदम टेकवू नका. १९.५ व्होल्ट त्या ओळखीच्या लाइनीत घुसले तर नसलेलं काम निघतं.)

आता तपासा. लॅपटॉप बंद करा, चार्जर लावा, चालू करताना एफ-टू दाबत राहा, एचपी असेल तर एफ-टेन. बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगमध्ये, बॅटरीच्या पानावर अडॅप्टरची ओळ असली तर तिथं ६५ वॉट लिहिलंय की ‘अननोन’ ते बघा. मग त्याच कंपनीचा, तेवढ्याच वॉटचा, तशाच पिनेचा कुणाचा तरी चार्जर मागून आणा आणि परत बघा. त्याच्यावर ओळख पटली तर दोष तुमच्या चार्जरचा. तरी ‘अननोन’च आलं तर आतला जॅक बघायचा. पुष्कळ मॉडेलमध्ये तो सुट्या वायरवर असतो, सॉकेटमधनं उपसून नवा बसवता येतो, सोल्डरचा डागही द्यावा लागत नाही. बोर्डावर डाग दिलेला असेल तर मात्र कारागीर पाहिजे. नवा जॅक घालूनही काही हललं नाही, तरच चार्जिंग आयसी (चार्जिंग सांभाळणारी चिप) वगैरे बोर्डाचं बोलायचं.

जोतिबा_डोंगर

पण २०१६ ची बॅटरी म्हणजे तशीही संपलेलीच की. दोन्ही बदलून टाकावं, कटकट नको.

डागवाला_उद्यमनगर

पैसे त्यांचे जाणार आहेत भावा. बॅटरी किती उरलीय ते विंडोज फुकटात सांगतं. कमांड प्रॉम्प्ट उघडून ‘पॉवरसीएफजी /बॅटरीरिपोर्ट’ टाका, इंग्रजी अक्षरांत. फाइल कुठं तयार झाली ते तिथंच येतं. त्यात डिझाईन कपॅसिटी (नवी असताना किती मावायचं) आणि फुल चार्ज कपॅसिटी (आता किती मावतं), दोन आकडे बघायचे.

फक्त टचपॅड वर उचललेलं दिसत असेल किंवा तळ फुगला असेल तर हे सगळं सोडा. बॅटरी फुगलीय, चार्जिंग बंद करून आधी ती काढून घ्या. दाबून, टोचून बघायची नाही.

हिशेबनीस_शाहूपुरी

तळ सपाट आहे, टचपॅडही जागेवर. बायोसमध्ये माझ्या चार्जरवर ‘अननोन’. शेजारच्या दुकानातल्या पोराचा त्याच कंपनीचा चार्जर लावला तर ६५ वॉट आलं, आकडा ७ वरनं चढायला लागला आणि टॅलीही पळायला लागलं! रिपोर्टमध्ये डिझाईन ४०,०००, फुल चार्ज १७,५००. ह्याचा अर्थ काय धरायचा?

डागवाला_उद्यमनगर

निम्म्याहून कमी उरलीय. तुमच्या कामाला तास-सव्वा तास निघेल. लाइट गेल्यावर टॅली नीट बंद करायला एवढं पुष्कळ आहे, बॅटरीचं दिवाळीनंतर बघा.

चार्जर घ्यायला जाताना लॅपटॉप बरोबर न्या. राजारामपुरीत घ्या नाहीतर शाहूपुरीत, काउंटरवरच लावायचा, एफ-टू दाबायचं, ६५ वॉट दिसलं तरच पैसे द्यायचे. लेबलवर १९.५ व्होल्ट, ३.३४ ॲम्पिअर बघा. ४५ वॉटचा स्वस्तात देतील, तो घेतला तर टॅली परत रखडेल.

जुना टाकून देऊ नका. त्याची नुसती पिनेची केबल बदलून मिळते, ऑफिसात दुसरा म्हणून चालेल. मागताना तीन तारांची मागा. दोन तारांची लावून दिली तर पुन्हा ‘अननोन’.