मदत हवी आहे: मुलांची ‘मदत’ आवरायची कशी?

माझ्याकडे पहिली-दुसरीचा जोडवर्ग आहे, जिल्हा परिषद शाळा. एका मुलाचं लिखाण फार सावकाश चालतं. फळ्यावरचं उतरवताना तो मागे पडला की शेजारची मुलगी त्याची वही ओढून स्वतःच पूर्ण करते. त्यात ‘ळ’ मुद्दाम वाकडा काढते, म्हणजे बाईंना त्याचंच अक्षर वाटावं! विचारलं तर म्हणाली, “बाई, त्याला जेवायला उशीर होतो ना.”

आता तिचं काय चुकलं, सांगा. अडचण बरोबर हेरली, उपायही शोधला. रागावले तर उद्या कुणी कुणाला खोडरबरसुद्धा देणार नाही. पण पोराचा हात बसणार कसा? केंद्र सरकारच्या ‘निपुण भारत’ अभियानानुसार तिसरीअखेर प्रत्येकाला वाचता-लिहिता यायला हवं, आणि त्याला नेमकं काय येतं हेच मला वहीवरून कळेना झालंय. जागा बदलून पाहिली, नवा शेजारीही तेच करायला लागला.

लिहून न देता तिच्याकडून मदत करून घ्यायची कशी? बोट ठेवून एकेक शब्द वाचून दाखवणं, असं कुणी जोडीत करून घेतलंय का? की त्याला लिहायलाच कमी द्यावं? बाकीच्या मुलांना ते खटकतं का?