१९२५ चा पौंड: सोन्याचा हट्ट, कोळशाच्या जिवावर?

टांकसाळ

२८ एप्रिल १९२५ला चर्चिलने ब्रिटनचा अर्थमंत्री म्हणून पहिला अर्थसंकल्प मांडला. प्राप्तिकर पौंडामागे साडेचार शिलिंगांवरून चारवर आणला (पौंडाचे वीस शिलिंग, शिलिंगचे बारा पेन्स), विधवांना पेन्शन जाहीर केली, रेशमावर जकात बसवली. आणि त्याच भाषणात सांगितलं की पौंड पुन्हा सोन्याला बांधला (म्हणजे त्याची किंमत ठरावीक वजनाच्या सोन्याइतकी पक्की केली), तोही पहिल्या महायुद्धाआधीच्या भावाने, म्हणजे एका पौंडाला ४.८६ डॉलर. माझ्या मते दोन महायुद्धांमधल्या काळात ब्रिटिश सरकारने केलेली ही सगळ्यात महागडी चूक. अज्ञानातून झाली असती तर समजू शकलो असतो. कुणाला सांभाळायचं आणि कुणाला नाही, हे ठरवून झालेली आहे.

१९२४ साली पौंडाचा सरासरी भाव ४.४२ डॉलरच्या आसपास होता. म्हणजे वेल्समधल्या खाणवाल्याचा एक पौंडाचा कोळसा परदेशी गिऱ्हाइकाला ४.४२ ला पडायचा, तो आता ४.८६ ला पडणार. गिऱ्हाईक टिकवायचं तर मायदेशातला भाव सुमारे नऊ टक्के उतरवायचा. कोळशाच्या खर्चात सगळ्यात मोठा वाटा मजुरीचा, मग कात्री कुठे लागणार हे सांगायला अर्थतज्ज्ञ लागत नाही. तरी केन्सने त्याच उन्हाळ्यात पुस्तिका काढून ते सांगितलंच. जूनअखेर खाणमालकांनी मजुरीचा जुना करार संपवायची नोटीस दिली. सरकारने नऊ महिने अनुदान देऊन वेळ मारून नेली (सुमारे २ कोटी ३० लाख पौंड गेले), ते ३० एप्रिल १९२६ला संपलं आणि ३ मेच्या मध्यरात्री सार्वत्रिक संप सुरू झाला. तो नऊ दिवसांत मिटला. खाणकामगार मात्र नोव्हेंबरपर्यंत ताणून धरून बसले आणि शेवटी कमी मजुरीवर, जास्त तास काम कबूल करून खाली उतरले. ‘पगारातली एक पेनी कमी नाही, दिवसातलं एक मिनिट जास्त नाही’ ही त्यांची घोषणा होती. दोन्ही गेलं.

फायदा कुणाला? ज्यांच्याकडे युद्धकर्जाचे रोखे होते त्यांना. महागाईच्या काळात स्वस्त पौंड उसने दिले, परत मिळाले महाग पौंड.

हिशेबनीस

टांकसाळराव, गोष्ट छान रंगवलीत, पण तारखा तुमच्या विरुद्ध जातात. ब्रिटनमध्ये बेकार दहा लाखांच्या वर गेले ते १९२१ साली, चर्चिलच्या भाषणाच्या चार वर्षं आधी. ताप आधीपासून असलेल्या माणसाला १९२५ साली घोंगडं पांघरलं म्हणून ताप आला, असं आपण म्हणत नाही.

कोळशाचंही तेच. १९२३ साली निर्यात ७.९ कोटी टनांवर गेली, १९१३ पेक्षाही जास्त. कारण? फ्रेंच आणि बेल्जियन फौजा जर्मनीतल्या रूर या कोळशाच्या पट्ट्यात घुसल्या होत्या आणि जर्मन खाणी बंद पडल्या होत्या. १९२४ला जर्मन कोळसा बाजारात परतला आणि भाव कोसळला. त्यात शेकडो छोट्या कंपन्या, जुनाट खाणी, आणि जहाजांना लागलेली तेलाची चटक. पौंड ४.४० ला ठेवला असता तरी ही रड चालूच राहिली असती.

आणि हा निर्णय एकट्या चर्चिलचा नव्हता. सरकारने नेमलेल्या कनलिफ समितीने १९१८लाच जुन्या भावाची शिफारस केली होती. मजूर पक्षाचा आधीचा अर्थमंत्री स्नोडन तर सोन्याच्या बाबतीत बँक ऑफ इंग्लंडच्या गव्हर्नरइतकाच कट्टर.

टांकसाळ

सगळे एकाच विहिरीत उडी मारत होते, म्हणून विहिरीत पाणी होतं असं नाही.

चर्चिलला स्वतःला शंका होती, म्हणून तर मला जास्त चीड येते. फेब्रुवारी १९२५ मध्ये त्याने ट्रेझरीतल्या, म्हणजे अर्थखात्यातल्या, नीमायरला लिहिलं की वित्ताचा ताठा थोडा कमी झाला आणि उद्योगाला समाधान लाभलं तर मला जास्त आवडेल. वाक्य कुणीही भिंतीवर टांगावं असं. दोन महिन्यांनी सही मात्र ताठ्याच्या बाजूने. रूरचं म्हणणं मान्य, पण ते माझ्याच बाजूचं आहे. गिऱ्हाईक आधीच दुसरीकडे वळू लागलंय, अशा वेळी तुम्ही स्वतःहून भाव चढवता?

हिशेबनीस

एप्रिल १९२५ पर्यंत पौंड बाजारातच ४.८० च्या जवळ पोचला होता. सरकारने चढवला किती?

टांकसाळ

सरकार जुन्या भावावर जाणार असं सगळ्या बाजाराला वाटत होतं म्हणूनच तो चढला. आणि मार्चमध्ये बँकदर, म्हणजे बँक ऑफ इंग्लंडचा व्याजदर, चारवरून पाच टक्क्यांवर नेला तो कशासाठी, हवापालटासाठी?

लालबागी

तुम्ही दोघं वेल्समध्ये भांडताय, मी जरा मुंबईत येतो. माझे आजोबा गिरणीत साच्यावर होते, त्यामुळे या १९२५ बद्दल घरात वेगळंच ऐकलंय.

सप्टेंबर १९२५ मध्ये मुंबईच्या गिरणीमालकांनी मजुरी साडेअकरा टक्के कापायचं ठरवलं आणि गिरण्या बंद पडल्या. डिसेंबरात सरकारने देशी कापडावरचा साडेतीन टक्क्यांचा अबकारी कर थांबवला, तेव्हा मालकांनी कपात मागे घेतली. हा कर इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या कापडगिरण्यांची मर्जी राखायला १८९६ पासून आपल्या गिरण्यांच्या मानेवर होता. खाणवाला आणि गिरणीवाला, दोघांच्या पगारावर एकाच वर्षी कात्री.

त्यावर कडी म्हणजे रुपयाचा भाव. हिंदुस्थानच्या चलनासाठी नेमलेल्या हिल्टन यंग आयोगाने १९२६ साली रुपयाला १ शिलिंग ६ पेन्स ठरवले, युद्धाआधी होते १ शिलिंग ४ पेन्स. म्हणजे एका पौंडाचं विलायती कापड पूर्वी १५ रुपयांना पडायचं, ते आता १३ रुपये ५ आणे ४ पैला. आयोगातले पुरुषोत्तमदास ठाकुरदास यांनी भिन्नमतपत्रिका जोडली. डॉ. आंबेडकरांचीही याच आयोगापुढे डिसेंबर १९२५ मध्ये साक्ष झाली होती. जानेवारी १९३०ला गांधींनी सरकारपुढे अकरा मागण्या ठेवल्या, त्यात मिठासोबत १ शिलिंग ४ पेन्सही होते. मिठाची गोष्ट शाळेत शिकवली, पेन्सची कुणी सांगितली नाही.

हिशेबनीस

लालबागी, माहिती उत्तम, आणि माझ्या कामाची. तुमचंच गणित पुढे चालवा. पौंड चढला, पण रुपया पौंडाच्याही पुढे चढला. मग लँकेशायरला त्याच्या सगळ्यात मोठ्या बाजारात, म्हणजे हिंदुस्थानात, ४.८६ चा त्रास झाला कुठे? उलट माल स्वस्त पडला. तरी लँकेशायर बुडालंच. जपानी कापडामुळे, तुमच्या मुंबई-अहमदाबादच्या गिरण्यांमुळे, आणि १९३० पासून वाढलेल्या जकातीमुळे. सोन्याचा संबंध नाही.

लालबागी

हे मात्र मी लिहिताना लक्षात घेतलं नव्हतं. पण तुमचं उत्तर पुरं नाही. लँकेशायरमधल्या मँचेस्टरचा माल चीनमध्येही जायचा, तिथे कोण रुपया चढवून देणार होतं? आणि सप्टेंबर १९३१ मध्ये ब्रिटनने सोनं सोडलं तेव्हा रुपया पौंडाच्या शेपटीला बांधूनच ठेवला. सोन्याचा रुपयातला भाव चढला, मंदीत कर्जाने पिचलेल्या शेतकऱ्यांनी बायकांच्या अंगावरचं सोनं विकलं, आणि ते मुंबई बंदरातून लंडनला गेलं. पौंडाला त्याचा टेकू मिळाला. ब्रिटनने सोनं सोडल्यानंतर त्याला सोनं पुरवलं कुणी? खानदेशातल्या पाटल्यांनी!

(अवांतर: सोनं सुटल्यावर चार-पाच दिवसांतच गांधी लँकेशायरला डार्वेनमध्ये गेले होते. गिरणीतल्या कामगारांनी त्यांचा जयजयकार केला, त्याचा फोटो बऱ्याच जणांनी पाहिला असेल.)

कोपऱ्यातला

मी नुसता वाचतोय. एकच शंका: सोन्यावर ठेवणं इतकं गरजेचं होतं, तर सोडल्यावर आभाळ कोसळलं का?

टांकसाळ

नाही ना, तेच तर! ३१ जुलै १९३१ला सरकारी खर्च तपासणाऱ्या जॉर्ज मे यांच्या समितीने सांगितलं, १२ कोटी पौंडांची तूट येणार, बेकारभत्ता २० टक्के कापा. त्यावरून मजूर सरकार फुटलं. नव्या राष्ट्रीय सरकारने नौसैनिकांचेही पगार कापले, त्यावर स्कॉटलंडमधल्या इनव्हरगॉर्डनला आरमारात काम बंद झालं, आणि २१ सप्टेंबरला सोनं सुटलं. ज्या दगडावर एवढी डोकी आपटली, तो दगड बाजूला ठेवता येत होता.

पुढच्या जूनमध्ये बँकदर दोन टक्क्यांवर आला. लगेच अर्थमंत्री नेव्हिल चेंबरलेनने युद्धकर्जाचे सुमारे २०० कोटी पौंडांचे रोखे पाचवरून साडेतीन टक्क्यांवर आणले. वर्षाला तीन कोटी पौंड व्याज वाचलं. १९१४ला ६५ कोटींचं राष्ट्रीय कर्ज युद्धानंतर साडेसातशे कोटींच्या घरात गेलं होतं, आणि विसाच्या दशकात सरकारी खर्चाचा सुमारे ४० टक्के भाग नुसत्या व्याजात जायचा. हा श्वास त्याआधी का घेता आला नाही? सोनं राखायला व्याजदर चढा ठेवावा लागत होता म्हणून. फ्रान्सने फ्रँक जुन्या किमतीच्या पाचव्या भागावर स्थिर केला आणि खुशाल राहिला.

हिशेबनीस

आणि त्या फ्रान्समध्ये ज्याने आयुष्यभर बचत केली त्या शाळामास्तराचं काय झालं, हेही लिहा की. रोखे फक्त लॉर्ड लोकांकडे नव्हते. युद्धात सरकारने पोस्टातून, घरोघर फिरून बचतपत्रं विकली होती. शब्द दिला होता, तो पाळायचा की नाही?

बाकी सोनं सोडून बेकारी लगेच हटली असं कुणी समजू नका. १९३२-३३च्या हिवाळ्यात बेकार जवळजवळ तीस लाख होते. उत्तर इंग्लंडमधल्या जॅरो गावाहून २०० बेकार माणसं लंडनपर्यंत चालत गेली ती ऑक्टोबर १९३६ मध्ये. तेव्हा पौंड सुटून पाच वर्षं झाली होती, व्याजही दोन टक्के होतं. त्यांचं जहाजबांधणीच्या गोदीतलं काम गेलं होतं आणि ते कुठल्याच भावाने परत येणार नव्हतं. लंडनजवळच्या स्लाऊमध्ये आणि मध्य इंग्लंडातल्या मिडलंड्समध्ये त्याच वेळी मोटारींचे आणि विजेच्या सामानाचे कारखाने उभे राहत होते, म्हणजे देशभर एकच दुखणं नव्हतं.

टांकसाळ

जॅरो मान्य. ४.४० च्या पौंडाने जॅरो वाचलं असतं असा माझा दावा नाही. १९२६चा संप टळला असता, निदान त्या रूपात झाला नसता, हा आहे. आणि व्याजाबद्दल तुम्ही शब्दाला जागण्याची गोष्ट करून मूळ प्रश्नाला बगल दिलीत.

हिशेबनीस

व्याजाचं मान्य, पण अर्धंच. ते पाच टक्क्यांचे रोखे १९२९ आधी सरकारला परत घेताच येत नव्हते, करारातच तसं होतं. त्यामुळे १९२५ पासूनचं व्याज चर्चिलच्या नावावर टाकू नका. १९२९ ते १९३२ ही तीन वर्षं तुमची. कोळशाचं मात्र मी काही सोडत नाही.