जिओकॅशिंग: बाण 'पोचलात' म्हणतो, पण डबी सापडत नाही. मदत हवी आहे

नमस्कार. मी आणि माझी नऊ वर्षांची मुलगी महिनाभरापासून जिओकॅशिंग करतोय, म्हणजे कुणीतरी लपवलेली डबी दिलेल्या अक्षांश-रेखांशावरून मोबाईल घेऊन शोधायची. एरवी चालायचा कंटाळा करणारी पोर यासाठी सकाळी सहाला बूट घालून दारात उभी असते, म्हणून हा छंद मला टिकवायचाच आहे.

पण पाच डब्यांपैकी दोनच सापडल्या, त्याही मोठ्या. शेवटचे पाच-सहा मीटर उरले की मोबाईलवरचा दिशा दाखवणारा बाण गरागरा फिरायला लागतो. एकदा दाट झाडीत पाऊण तास शोधलं. शेवटी मुलगी काटकीने माती उकरायला लागली, तेव्हा मी तिला घेऊन निघालो. तिसऱ्यांदा तर वर्णनात जुनी दगडी भिंत आणि आम्ही उघड्या माळावर! त्या दिवशी अक्षांश-रेखांश मी साध्या नकाशाच्या ॲपमध्ये हाताने भरले होते. अक्षांशात अंशांपुढे दिलेलं होतं २३.५८०, मी २३ मिनिटं ५८ सेकंद असं भरलं.

बाण फिरायला लागल्यावर नेमकं काय करायचं? आणि 'सापडली नाही' अशी नोंद केली तर लपवणाऱ्याला वाईट वाटतं का?

प्रतिसाद १

आधी माळाचं कोडं सोडवू. या खेळात मिनिटं दशांशात देतात. ०.५८० मिनिट म्हणजे ३४.८ सेकंद, ५८ नव्हेत. नुसत्या अक्षांशातच तुम्ही सातशे मीटर लांब होतात. रेखांशही तसाच भरला असेल तर ती चूक वेगळी. ती डबी तुम्ही शोधलीच नाहीत असं धरा आणि पुन्हा जा.

आता बाण. २ मे २००० ला अमेरिकेने नागरी जीपीएसमध्ये मुद्दाम मिसळलेली चूक बंद केली आणि दुसऱ्याच दिवशी डेव्ह उल्मरने ऑरेगॉनमध्ये या खेळातली पहिली बादली ठेवली. आधी शंभर मीटरपर्यंत चूक असे, तेव्हा असा खेळ शक्यच नव्हता. तरी काही मीटर आजही उरतातच. तुमच्या मोबाईलचे काही, लपवणाऱ्याचे काही. झाडीत आणि उंच भिंतींजवळ ते वाढतात. म्हणून दहा मीटर उरले की मी मोबाईल खिशात टाकतो आणि 'मला लपवायची असती तर कुठे ठेवली असती?' असं स्वतःला विचारतो. खोडाची ढोली, कठड्याची खालची बाजू (लोखंड असेल तर लोहचुंबकाने चिकटवलेली डबी आलीच), एकावर एक जरा जास्तच नीट रचलेले दगड. मुलीची उंचीही कामी येते, तिला खालच्या जागा द्या.

माती उकरू देऊ नका. खणून पुरलेली डबी नियमातच बसत नाही.

प्रतिसाद २

नोंद जरूर करा, वाईट मुळीच वाटत नाही. मी स्वतः डब्या ठेवते. लागोपाठ तीन-चार जणांना मिळाली नाही की मी जाऊन बघते, आणि बऱ्याचदा ती खरंच गायब असते. निघण्यापूर्वी जुन्या नोंदीही वाचत जा.

मुलीसाठी डबी निवडताना काठिण्य (शोधायला किती अवघड) आणि वाट (पोचायला किती अवघड) दोन्ही बघा. दोन्हींना १ ते ५ गुण असतात. अजून काही दिवस दीडच्या वर जाऊ नका. आकारात 'मायक्रो' लिहिलं असेल तर ती फिल्मच्या रिळाच्या डबीएवढी किंवा त्याहून लहान. नव्या मुलांना ती रडवते. थोड्या मोठ्या डबीत देवाणघेवाणीच्या वस्तू मावतात, आणि एक घेऊन तोलामोलाची दुसरी ठेवण्यात मुलांना शोधण्याइतकीच मजा येते. फक्त खाऊ ठेवू नका, वासाने प्राणी डबी फोडतात.

धागाकर्ता

दोघांचे मनापासून आभार. आकडे आता नीट भरले. बिंदू थेट नकाशातल्या ओढ्यापलीकडच्या भिंतीवर पडला! मुलीला दाखवलं तर तिने लगेच देवाणघेवाणीसाठी आपली शिट्टी काढून ठेवली. रविवारी जातोय. झाडीतल्या डबीची 'सापडली नाही' नोंदही आत्ताच टाकली.